कुशीतला जुना व्रण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

बोईसरच्या एका हॉस्पिटलात मी किडनीच्या सर्जनच्या हाताखाली होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला कॅमेरा मी धरायची, शस्त्र सर चालवायचे. सहा वर्षं. एकदाच त्यांनी मला किडनी काढायला दिली, आणि अर्ध्यावर सगळ्यांसमोर हातातून शस्त्र काढून घेतलं. "तुम्ही कॅमेराच धरा. तेवढं तरी जमतं." नर्स हसल्या. त्याच दिवशी मी ठरवलं—या माणसाची जिरवायची.

मग जवळच्या माहीम गावचे एक काका आले. पानवेलीची वाडी होती त्यांची, उजवी किडनी खड्यांनी निकामी झालेली. तपासताना त्यांनी कुशीतला व्रण दाखवला. इतका बारीक, की दाखवल्याशिवाय दिसला नसता. "बाय, जुनं हाय. पू झालता, नळी घालून काढला. मोठ्या डाक्टरांना सांगशील ना?" मी हो म्हटलं.

केसपेपरवर लिहिलं नाही. विसरले? नाही हो. असा पू होऊन गेला की किडनी मोठ्या शिरेला घट्ट चिकटलेली असू शकते. सरांना कळलं असतं तर त्यांनी दुर्बीण घेतलीच नसती, सरळ पोट उघडलं असतं. मला ते आत अडकायला हवे होते. घाम फुटेल, फजिती होईल—एवढंच, असं मी मनाशी म्हणत राहिले.

सरांची एक पद्धत होती. पहिलं छिद्र पाडण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, कशाची भीती वाटते? सगळ्यात शेवटी मला.

"कशाचीच नाही, सर."

थोड्याच वेळात पडदा लाल झाला. कॅमेरा माझ्या हातात होता आणि मी बघत होते सरांच्या कपाळाकडे. पोट उघडलं, शीर शिवली, रक्त चढवलं. काका तिसऱ्या दिवशी गेले.

सरांनी दुर्बीण सोडली. त्यांच्या जागी आज मी आहे. पण कबूल करायचंय ते याहून वाईट—

काकूंसमोर सरांनी हात जोडले. "चुकलो मी," म्हणाले. मी शेजारीच उभी होते, आणि मला मनापासून बरं वाटलं.