खोक्यांमागचं टॉयलेट

माणसं एकत्र राबायला लागली की किस्से साठतातच. आमच्या दुकानातले मात्र सगळे एकाच दाराभोवतीचे. घरी जेवताना सांगण्यासारखे ते नाहीत, म्हणून जरा जास्तच साठले.

रत्नागिरीत आमचं कोकणमेव्याचं दुकान आहे. 'आमचं' म्हणजे भाऊंचं. काउंटरवर मी आणि सुमनताई. लग्न होऊन नव्याचे नऊ दिवस संपतायत तोच मी इथे कामाला लागले. पहिल्याच दुपारी हळूच विचारलं, "ताई, टॉयलेट कुठेय?"

सुमनताई नाटे गावच्या, होडीवाल्यांच्या घरातल्या. आवाज असा की खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. पण तेव्हा त्या कुजबुजल्या, "सकाळी पाणी किती प्यालीस गो?"

"तांब्याभर."

"उद्यापासनं एक घोट."

बायकांचं टॉयलेट होतं. पण त्यात कोकम सरबताचे खोके, पार छतापर्यंत. भाऊंच्या मते जागा थंड, माल टिकतो. भाऊंना स्वतःला लागली की ते स्कूटरला किक मारून घरी जाऊन येतात.

आम्ही दोघी दिवसभर गिऱ्हाइकांना सरबताचे इवले ग्लास देतो. "घ्या ना, चाखून तर बघा." आमच्या जिभा टाळ्याला चिकटलेल्या.

*

अगदीच राहवेना तेव्हा मागच्या आळीतल्या काकूंकडे जायचं. पण 'बाथरूमला आले' असं म्हणायची मला लाज. म्हणून वाटी घेऊन जायची. "काकू, थोडं विरजण देता? आणि जरा पाय धुऊन घेते हं."

पुढे एका हळदीकुंकवाला काकू आणि माझ्या सासूबाई शेजारी शेजारी बसल्या. काकू कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्याकडे दही भारी लागतं हो!"

आमच्या घरात दही कुणीच खात नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वाण बघितलं.

*

मग जळजळ सुरू झाली, अंगात कणकण आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लघवी अडवून ठेवायची नाही. पुन्हा पुन्हा झालं तर किडनीपर्यंत जाईल." घरी नवरा म्हणाला, "मग सोड ना नोकरी." दोन्ही एकाच संध्याकाळी. नोकरी सोडायची तर ती लागायला किती खटपट केली ते आठवायचं, आणि टिकवायची तर रोज सकाळी पाण्याचा तांब्या उचलून तसाच परत ठेवायचा.

त्यात बाळंतपणं करणाऱ्या त्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला आमच्या शेजारणीने बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या ताटात एक लाडू जास्तीचा वाढला. खरं सांगायचा धीर झाला नाही. खाल्ला.

*

एकदा तपासणीला साहेब आले. "बायका कामाला आहेत तर त्यांच्यासाठी वेगळं टॉयलेट लागतं. आतून कडी, पाणी, उजेड. आहे?"

"म्हणजे काय!" भाऊंनी दाराकडे हात केला. वर ताजी पाटी, 'महिला प्रसाधनगृह'. खाली कुलूप.

"उघडा."

"किल्ली बायकांकडेच असते, साहेब. त्यांची प्रायव्हसी आपण कशी मोडायची?"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. सुमनताई फणसपोळीवरचं लेबल वाचायला लागल्या. मी काउंटर पुसायला घेतला. "पुढच्या वेळी उघडं दिसलं पाहिजे," म्हणून साहेब गेले.

तासाभरात पर्यटकांची गाडी थांबली. एक बाई लेकीला कडेवर घेऊन पळत आली. भाऊ पाटीखालीच उभे होते. म्हणाले, "इथे सोय नाही हो, ताई."

"मग ही पाटी?"

"ती सरकारसाठी आहे."

*

दुकानाच्या वाढदिवसाला सत्यनारायण असतो आणि पूजेनंतर गाऱ्हाणं. ते घालायला भाऊंचे चुलते गावाहून येतात. काका देवाला एकेक मागणं मोठ्याने सांगणार आणि जमलेल्यांनी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत. आधी ते प्रत्येकाला विचारून घेतात, देवाकडे काय मागू?

माझ्यापाशी आले. "तुझा काय गो, सूनबाय?"

सासूबाई आमंत्रणावरून आल्या होत्या, त्या एकदम सावरून बसल्या. भाऊही हसले. नव्या सुनेचं मागणं काय असणार! सुमनताईंनी पाठीत कोपर मारलं. मी वाकून काकांच्या कानात सांगितलं. काकांनी एकदा मागच्या त्या पाटीकडे बघितलं. मग डोळे मिटून त्यांनी खणखणीत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या दुकानाची भरभराट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर असंल ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आन ह्या लेकीबाळींचा संडास ज्या कोणी खोकी लावून अडवला असंल, त्याला सुबुद्धी दे, आन आजच्या आज तो मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज भाऊंचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. मग डोळे उघडले.

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "म्हणजे ते दही..."

काकांनी नारळ भाऊंच्या हातात ठेवला. भाऊ चौरंगाकडे वळले.

"तिकडं नको," काका म्हणाले. "देवाला दार लागत नाय, लेकीबाळींना लागतं. त्या पाटीखाली फोड."