गुडघ्यातली नवी गादी

सोनगीरकडच्या त्या शिबिराचे प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. त्या तपासाबद्दल मला साधे प्रशंसापत्रही मिळाले नाही. मी ते विसरलो असे कोणी समजू नये. पण आज लिहायचे आहे ते अक्कांविषयी.

धुळ्याच्या दवाखान्यातून ठाण्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना द्यायची खबर, आली. साठीच्या बाई, त्याच या अक्का. गुडघ्यात पू, अंगात ताप. डॉक्टर फोनवर म्हणाले, "सोनगीरकडून आलेला हा तिसरा गुडघा आहे, साहेब. कोणीतरी इंजेक्शने देतोय. या बाईंचा पाय वाचणे कठीण आहे."

नोंद करायला सांगून मी पंच घेऊन साध्या कपड्यांत निघालो. मंगल कार्यालयात शिबिर भरले होते. फलक होता, 'ऑपरेशन नको! तुमच्याच रक्तातून गुडघ्याची नवी गादी.' गादी म्हणजे दोन हाडांमधली कुर्चा. संधिवातात ती झिजते. डॉक्टर म्हणवणारा माणूस जमिनीवर बसून एका म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन चेपत होता.

लेबले खरवडलेल्या बाटल्या जप्त केल्या, त्याला ठाण्यात आणले. तो एकच पालुपद लावी, "मूळ पेशी आहेत साहेब, पेशंटच्याच रक्तातल्या. तपासायला पाठवा." अहवाल यायला महिने लागतात, हे त्यालाही ठाऊक होते.

मी केळीच्या वखारीत हमाली करून शिकलो. सौदा कसा करायचा ते मला कोणी शिकवायला नको. राग गिळून चहा मागवला.

"माझाही गुडघा कुरकुरतो. दे एक टोचून."

तो खुलला. "तुमच्यासाठी फुकट, साहेब."

"फुकट नको, काम पक्के हवे. आधीच सांगतो, मला शुगर आहे."

कप त्याच्या हातातच राहिला. "मग नको साहेब. शुगर भडकेल."

"माझ्याच रक्ताने माझी शुगर भडकेल?"

हवालदार दारातून म्हणाला, "बोला डॉक्टर, उसवली का गादी?"

मग त्याने माल ठेवायची खोली दाखवली. तिथे स्टेरॉइडचे खोके सापडले. त्या औषधाने सूज उतरते, काही आठवडे बरे वाटते, आणि लोक म्हणतात, गादी आली. पण शुगर भडकते आणि पू चिघळतो. अक्कांना शुगर होती. त्यांना त्याने विचारलेच नव्हते. त्यांचा पाय मांडीतून कापावा लागला.

कोर्टात अक्कांनी त्याला ओळखले. "हाऊच." आणि कोणी न विचारता पुढे म्हणाल्या, "पन हाऊ मना पाय धरीसन इचारे, अक्का, कोठे दुखस?"

बाहेर माझा तोल गेला. "अक्का, पाय गेला तुमचा! आणि त्याचेच कौतुक?"

"भाऊ, नातना लगनमा मी चुल्हापुढे मांडा कयात. मोठा डॉक्टरनी फोटो दखा, बदलाडो सांगं, आनि दुसराले हाक मारी."

मांडे खापरावर करायचे तर जमिनीवर बसावे लागते. त्या इंजेक्शनाच्या जोरावर त्या घरच्या लग्नात एकदा बसल्या होत्या.

एक्स-रे पाहून 'गुडघा बदला' एवढेच सांगणारा मोठा डॉक्टर खोटे बोलला नव्हता. झिजलेली कुर्चा हमखास पुन्हा वाढवील असा उपचार अजून नाही. संशोधन चालू आहे. कुणाला थोडा आराम पडतो, कुणाला नाही. वजन, व्यायाम, शुगर सांभाळायची आणि शेवटी ऑपरेशन. हे अक्कांना शेजारी बसून सांगायला कोणाला वेळ नव्हता. भामट्याला होता.

पदवीशिवाय व्यवसाय केला, एवढेच त्याच्यावर शाबित झाले. तो सुटून आला. पुढे दोंडाईच्याकडे त्याचेच तसले शिबिर भरल्याचे कानावर आले. मी स्वतः जाऊन रांग उठवली. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत बाया एकेक करून उठल्या. एकीनेही माझ्याकडे पाहिले नाही.