कॉमिकच्या दुकानातली तिची खुर्ची

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर नारायणगुड्याला कॉमिकच्या दुकानात गेलो. म्हणजे ती आत गेली, मी नेहमीसारखा पायरीवर उभा राहिलो. आधी नातवासोबत जायची. नातू मोठा होऊन फोनमध्ये घुसला, हिचं जाणं सुटलं नाही. हिला वाचता एक अक्षर येत नव्हतं. दुकानदार माझ्या लेकापेक्षा लहान. तिला खुर्ची ओढून द्यायचा, पाणी द्यायचा आणि विचारायचा, "अम्मा, फिर क्या हुआ?" मग ही चित्रं बघून आपल्या मनानं गोष्ट सांगायची, हसायची. घरी माझ्याशी एवढं कधी बोलली नाही.

त्या दिवशी आतून म्हणाली, "अहो, या की आत. खातो काय तो तुम्हाला?"

मी इथंच बरा, म्हणालो. त्याच आठवड्यात ती गेली.

माझा जन्म अफझलगंजला साडीच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या चपला बघायच्या, मग कुठला गठ्ठा सोडायचा ते ठरवायचं. हिच्या पायात रबरी चपला, आणि विकत घेणार वर्षातून एखादं पुस्तक. तरी हा एवढं करतो म्हणजे त्याला हिचा लळा लागलाय, हे मला सलायचं.

तेरावं झाल्यावर एकटाच गेलो. ती त्याची कोण होती ते बघायचं होतं. तिच्या खुर्चीत बुरख्यातली एक बाई पुस्तक घेऊन बसलेली. तिलाही तो तसंच विचारत होता, "आपा, फिर?" मागून एक वॉचमन आला, त्यालाही स्टूल, पाणी. कुणाच्या पायाकडं त्यानं बघितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. उलट डोकं फिरलं. माझी बायको आणि हा वॉचमन सारखेच?

तेवढ्यात त्यानं मला ओळखलं. "चाचा, अंदर आओ. अम्मा नै आये?"

गेली, म्हणालो. त्यानं हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग हळू म्हणाला, "भालू का किस्सा आधा रह गया. आगे का अगली बार बोले थे."

अर्धी गोष्ट याच्याकडं, माझ्याकडं काहीच नाही. मी ताठ मानेनं सांगितलं, पुढचं सगळं तिनं मला घरी सांगितलंय, उद्या येऊन सांगतो. साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, शटर उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. आत गेलो, ते अस्वलाचं पुस्तक मागून घेतलं आणि चित्रं बघत बघत पुढचं सांगायला लागलो.