विकायची भाकरी

भाकरी विकायची नसते, दारी आलेल्याला वाढायची असते. केजजवळच्या आमच्या खेड्यात हे कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून बीडमध्ये मी भाकरी विकायला लागले ते माहेरी कळू दिलं नाही.

बायका विचारतात, नवरा कमावता असताना हा उद्योग कशाला? नवरा पैशाला कधी नाही म्हणाला नाही. फक्त विचारायचा, "कावून पाहिजेत?" समोर सासरे बसलेले आणि मला आतले कपडे घ्यायचे असायचे. मी म्हणायचे, भाजीला. लग्नाची बायको मी, आणि परकरासाठी खोटं बोलत होते. त्या लाजेला कंटाळून क्लाससाठी खोल्या करून राहिलेल्या पोरांना भाकरी करून द्यायला लागले. आगीतून फुफाट्यात पडले म्हणा. पण फुफाटा माझा होता.

मागच्या उन्हाळ्यात वडील डोळे दाखवायला बीडला आले, ते न सांगता घरी. दारात पोरं डबे घेऊन उभी. त्यातला एक मला सुनावत होता की मावशी, कालच्या भाकरी कच्च्या होत्या. वडिलांनी ते ऐकलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. चपलांमधून वाट काढत ते आत येऊन भिंतीशी बसले.

घाईत मी चुकले. पोरांसाठी रचलेल्या चळतीतल्या दोन भाकरी त्यांच्या ताटात वाढल्या. त्यांनी ताट हळूच सरकवलं.

"यातली नको, बाय. ह्या इकायच्या हायत."

सकाळपासून उपाशी माणूस. मी वेगळं पीठ मळून भाकरी थापली आणि तव्यावरून थेट ताटात टाकली. ती मात्र त्यांनी खाल्ली. पोरं ताटकळली. मला त्यांचाही राग आला आणि वडिलांचाही.

निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गावात कुणाला सांगत न्हाई मी. काळजी करू नगं."

ते मायेनंच बोलले. इतके दिवस मीच लपवत होते, पण त्यांनी लपवायचं कबूल केलं तेव्हा उमजलं, की निदान यांनी तरी चार माणसांत हे सांगावं, असं मला वाटत होतं. सांगा की अण्णा, एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घालून "बरं" म्हणाले.

भाकरी विकायची आता लाज वाटत नाही. त्या "बरं"ची वाटते.