उघडं कपाट

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आधी राहून गेलं, नंतर हिंमत झाली नाही.

अमेरिकेतल्या आयसेलिनमध्ये साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं ट्रॅव्हल ऑफिस आहे. शेजारच्या खोलीत चाळिशीचा एक मराठी माणूस रोज दहा ते दोन, इस्त्रीच्या शर्टात, एका लोखंडी कपाटाशेजारी ताठ बसलेला असायचा. दार सताड उघडं. डबाही तिथंच खायचा.

एकदा मी स्टेपलर मागायला दारावर टकटक केली. तो ताडकन उठला, किल्ली काढून त्यानं कपाट उघडलं. "प्लीज, चेक करा."

"अहो, मला स्टेपलर हवाय."

तो ओशाळला. "सॉरी काका, टकटक ऐकून वाटलं इन्स्पेक्टर आला. माझी अ‍ॅडल्ट वेबसाइट आहे. व्हिडिओत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वयाचा पुरावा इथल्या कायद्यानं ठेवावा लागतो, तो या कपाटात आहे. तपासायला कोणी आलं, तर म्हणून रोज चार तास ऑफिस उघडं ठेवावं लागतं."

"किती वेळा आले?"

"नऊ वर्षांत एकदाही नाही."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? लोक मला काय समजतात, माहितीये. एकदा कोणीतरी येऊन बघावं ना काका, की यात एकही लहान पोर नाही."

कपाट अजून उघडंच होतं. मी स्टेपलर घेतला आणि खाली मान घालून निघून आलो.