मुरबाडला नेलेलं श्वासाचं यंत्र

नाशिकहून निघून आटगावला उतरले, तेव्हा पिशवीत साडीच्या घडीत गुंडाळलेलं एक छोटं यंत्र होतं. त्यात फुंकलं की श्वासातल्या हायड्रोजनचा आकडा दिसतो. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. मामाचं दुखणं एका सकाळीत उलगडून येते, असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून आले होते.

शहापूरला चहा घेतला आणि काळी-पिवळीत (भरली की सुटणारी जीप) बसले. सापगाव मागे पडलं. भात कधीच कापून झालेला. खाचरांत ओलीवर पेरलेला वाल शेंगांनी लगडला होता. शेजारच्या बाईंनी कुणाकडे म्हणून विचारलं, मी मामाचं नाव सांगितलं.

"त्यो आचारी? पन आता आपलंच रांधलेलं खात नाय म्हंतात. मंग लोकांनी काय समजायचं?"

मला चीड आली. मामाचं अल्सरचं ऑपरेशन फार पूर्वी झालेलं. अलीकडे दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि पंगतीतून उठून पळावं लागायचं. पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तरी काही निघालं नाही. कॅन्सर आहे आणि सगळे आपल्यापासून लपवतात, हे त्यानं मनाशी धरलं होतं. यंदा लग्नाच्या सगळ्या सुपाऱ्या त्यानं परत केल्या होत्या. आमच्या डॉक्टरांचा तर्क वेगळा होता: ऑपरेशनच्या जागी अन्न तुंबतं आणि लहान आतड्यात जंतू माजतात. ग्लुकोजचं पाणी पाजलं की ते त्यावर तुटून पडतात आणि त्यांचा वायू श्वासात उतरतो.

मुरबाडच्या अलीकडे उतरले. मामा निम्मा झाला होता. "रात्री नुसता पांढरा भात. डाळ नाही, भाजी नाही, विडी नाही," मी बजावलं. त्यानं मुकाट मान हलवली. भाची आली म्हणून चुलीवर वालाचं बिरडं मात्र स्वतःच टाकलं. मी बोटं चाटत जेवले.

सकाळी ग्लुकोजच्या आधीच आकडा भलताच वर! आदल्या रात्रीच्या डाळी-कडधान्यानंही तो चढतो, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येईना.

"मामा, काल काय खाल्लंस?"

"भात. तुज्यासमोर तर खाल्ला."

"आणि बिरडं?"

"त्ये खाल्लं नाय. चाखलं."

मामी चुलीपाशी हसू दाबत म्हणाली, "याचं चाखनं म्हंजे वाटीभर गो."

"आचारी चाखनार नाय तर काय करनार?" मामा खरोखरच बुचकळ्यात पडला होता. त्याच्या लेखी ते कामच होतं. माझी अक्कल इतकी की पथ्य सांगितलं आणि त्याच माणसाच्या हातात पळी राहू दिली. मुक्काम वाढवला. त्या रात्री स्वयंपाक मी केला आणि मामाला ओट्यावर (अंगणाकडच्या कट्ट्यावर) बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहिला आकडा अगदी खाली. मग ग्लुकोज, आणि थोड्या थोड्या वेळानं फुंकणं. फारसा वेळ गेला नाही आणि आकडा सरसर चढला. मी तो मामाला दाखवला.

"डॉक्टरांचा तर्क खरा निघाला. जंतू आहेत. गोळ्यांनी आटोक्यात येतील. पुन्हा माजले तर पुन्हा गोळ्या."

"कॅन्सर नाय?"

"नाही. दुर्बीण खोटं बोलली नव्हती."

 टॉवेलनं तोंड पुसत तो म्हणाला, "म्हंजे येवढे दिस मी उगंच मरत व्हतो." मामी रडायला लागली आणि मलाही आवरेना.

परतीला तो शहापूरपर्यंत सोडायला आला. सापगावात जीप थांबवून एका घरात शिरला. लोक कुरकुरले. परत येऊन म्हणाला, "हळदीच्या जेवनाची सुपारी घेतली." अजून एक गोळीही पोटात गेली नव्हती. बऱ्याच प्रवासांत मी देवळं पाहिली, धबधबे पाहिले. माणसाला पुन्हा जगायला लागताना मात्र याच प्रवासात पाहिलं.

घरी पोचून आईला सगळं सांगितलं. भावाच्या मनात मरण घर करून होतं, हे तिला आजच कळत होतं. तिनं ऐकून घेतलं, मुरबाडला फोन लावून मामाला फोनवर बोलावून घेतलं आणि त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग तिथंच जमिनीवर बसून विचारलं, "जेवलास का रे?"