दीर्घिकेतला पाट

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी सांगते, लपवत नाही. एम.एस्सी.ला माझा प्रकल्प एका दीर्घिकेवर होता. ताऱ्यांचं भलंमोठं चक्र, मधोमध जुन्या ताऱ्यांचा पिवळा दांडा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांपासून निघालेले निळसर, वळत गेलेले हात. फोटोवरून त्या दांड्याची लांबी आणि दिशा मोजायची, एवढंच काम. त्यावर मी अख्खं वर्ष घातलं.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ते समजावायला मात्र एक चहा पुरला. मी म्हटलं, "बाहेरचा वायू या दांड्यावाटे मध्यावर येतो, अन् तिथं नवे तारे होतात."

"म्हंजी पाण्याचा पाट हाय," आण्णा म्हणाले. "राहात्याकडं हाय तसा. आभाळातबी पाट निघाला, फकस्त आपल्या पारनेरलाच न्हाई."

निकाल लागला आणि गावानं सत्कार ठरवला. आमच्याकडं सत्कार म्हणजे आधी फ्लेक्स, मग माणूस. मी दीर्घिकेचा फोटो फ्लेक्सवाल्याला मोबाईलवर पाठवला. माझ्या मार्गदर्शक मॅडम नगरहून येणार होत्या. त्यांच्यासमोर माझी दीर्घिका नीट दिसावी, एवढीच हौस होती.

सत्काराच्या सकाळी चौकात फ्लेक्स लागला. वर नेते, खाली शुभेच्छुक, कोपऱ्यात मी, मधे दीर्घिका आणि तिला चिकटून सरपंच. दीर्घिकेचे हात होते, मध्य होता. दांडा गायब. मी फोन लावला.

"ताई, मधी पिवळा डाग हुता, साफ केला," फ्लेक्सवाला म्हणाला. "नेत्यांचे मुरूम काढतो, तसाच."

"तो डाग नव्हता. तेच माझं एम.एस्सी. होतं."

"मग आधी सांगायचं ना. आता दुसरा उद्याच."

मॅडम तर तासाभरात पोचणार होत्या. आण्णा म्हणाले, "पाट बुजवला म्हना की," आणि घरी गेले. परतले ते शिडी आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला पिवळा ऑइलपेंट घेऊन. मी खालून "तिरपा, अजून तिरपा" सांगत होते. चौकातलं कुणीतरी म्हणालं, "आण्णा, शिंगं दोन असत्यात." आण्णा तिकडं बघायला वळले, तेवढ्यात ब्रश पुढं निघून गेला.

मॅडम आल्या त्या हार घ्यायच्या आधी फ्लेक्ससमोरच उभ्या राहिल्या.

"दिशा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लांबी फार झालीय. सरपंचांच्या कानात गेलाय."

खरे सरपंच शेजारीच उभे होते. मी खाली बघायला लागले.

आण्णा पिवळे हात धोतराला पुसत म्हणाले, "मॅडम, पाट कुठलाबी असू द्या, सरपंचाच्या रानातनं गेल्याबिगर ऱ्हात न्हाई."

आधी सरपंचच हसले, म्हणून मग बाकीच्यांना हसता आलं.

दुसऱ्या दिवशी नवा, बरोबर दांड्याचा फ्लेक्स आला. आण्णांनी तो कांद्याच्या ढिगावर झाकायला टाकला. चौकात जुनाच राहिला.